कंपनीचे पाप आणि आपल्या फाटकावरचे अ‍ॅप

नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता बंद फाटकाबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मनीषनगरातील आमच्या सोसायटीच्या फाटकावर गेल्या उन्हाळ्यात सामान पोहोचवणारा एक मुलगा असाच उभा होता. चौकीदाराने त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक अ‍ॅपमध्ये भरला, मोबाइल वर धरून त्याचा फोटो काढला आणि चौथ्या मजल्यावरून होकार येईपर्यंत दोघेही उन्हात थांबले. होकार आला, मुलगा आत गेला. त्याचा फोटो मात्र कुठे गेला, तेथे किती दिवस राहणार आणि कोणकोण तो पाहणार, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, चौकीदाराला नव्हते, आणि खरे सांगायचे तर कार्यकारिणीचा सदस्य असूनही मला नव्हते.

पुढच्या सर्वसाधारण सभेत हे अ‍ॅप आणखी एक वर्ष ठेवायचे का, हा विषय निघाला तेव्हा एका सभासद ताईंनी हरकत घेतली. ही कंपनी रहिवाशांची माहिती जाहिरातींसाठी वापरते असे त्यांनी वाचले होते, आणि अशा कंपनीला आपण आपल्या दारात का बसवावे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मागच्या रांगेतून उत्तर आले, "अहो ताई, फुकट मिळून राहिलं न, मग आपल्याला कंपनीचं काय करायचं आहे?" त्यात दुसऱ्याने भर घातली, "तसं पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपही सोडा मग, ते कुठं धुतल्या तांदळाचं आहे!" सभा हसली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मला मात्र ही दोन्ही उत्तरे टाळ्या मिळवणारी असली तरी पुरेशी वाटली नाहीत, म्हणून कंपनीच्या वागणुकीचा आपल्या वापराशी नेमका संबंध कुठे येतो, हे येथे जरा उलगडून पाहायचे आहे.

"कंपनी वाईट आहे" असे आपण म्हणतो तेव्हा कधी दोष त्या सॉफ्टवेअरच्या आतच असतो, कधी तो त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या व्यवसायात असतो, तर कधी केवळ मालकाच्या किंवा निर्मात्याच्या खासगी आयुष्यात असतो. या सगळ्यांना एकच माप लावले की चर्चेचा विचका होतो, आणि बहुतेक वेळा तो तसाच होतो.

खासगी आयुष्याचे सर्वांत टोकाचे उदाहरण हान्स रायझर या प्रोग्रामरचे आहे. संगणकाच्या डिस्कवर फायली कशा मांडून ठेवायच्या याची त्याने बनवलेली रायझर-एफएस ही पद्धत २००१ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, सामील झाली आणि बरीच वापरली गेली. २००८ मध्ये रायझर पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला. त्या दिवशीही असंख्य संगणकांवर त्याचा कोड चालू होता आणि निकालामुळे त्यातली एक ओळही बदलली नव्हती. तो कोड वापरणाऱ्याचा त्या गुन्ह्याला हातभार लागत नव्हता, आणि मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे वापराबद्दल कोणाला पैसेही मोजावे लागत नव्हते. पुढे ही पद्धत मागे पडली ती मुख्यतः तिची निगा राखणारे उरले नाहीत म्हणून, आणि २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या कर्नलमधून ती काढून टाकण्यात आली. माझे मत विचाराल तर निर्मात्याच्या पापाची शिक्षा कोडला देण्यात काही अर्थ नाही. मात्र त्याच्यानंतर तो कोड सांभाळणार कोण, ही चिंता अगदी रास्त आहे. ज्याला ते नावही डोळ्यांसमोर नको असेल, त्याच्या भावनेशी वाद घालण्याचेही कारण नाही.

कंपनीच्या दुसऱ्याच व्यवसायात दोष असेल तर प्रश्न अवघड होतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'प्रोजेक्ट मेव्हन'मध्ये ड्रोनने टिपलेल्या चित्रणातील वस्तू ओळखण्यासाठी गूगलचे तंत्रज्ञान वापरले जात होते. २०१८ मध्ये हे उघड झाल्यावर गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, आणि जूनमध्ये कंपनीने त्या कराराचे नूतनीकरण करणार नाही असे सांगितले. शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही असे वचनही तेव्हा दिले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वचन कंपनीच्या तत्त्वांच्या यादीतून गायब झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयातील एका तुकडीला मिळणाऱ्या काही सेवा बंद केल्या. त्याआधी कंपनीच्या सर्व्हरवर पॅलेस्टिनी नागरिकांच्या फोन-संभाषणांचा प्रचंड साठा ठेवला जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि कंपनीच्या आतही निदर्शने झाली होती. या दोन्ही प्रसंगांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की दाब आला तो पत्रकारांकडून आणि पगारी कर्मचाऱ्यांकडून. धरमपेठेतल्या एखाद्या गृहस्थाने त्या आठवड्यात जीमेल बंद केले असते, तर ते त्या कंपनीच्या कानावरही गेले नसते. म्हणून त्याने ते करू नये असे मी म्हणत नाही. मनाला पटत नाही म्हणून सोडणे आणि कंपनीने बदलावे म्हणून सोडणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी एकट्याचे सोडणे हे फार दुबळे हत्यार आहे, एवढेच म्हणतो. हजार संगणकांचे कंत्राट देणारे विद्यापीठ किंवा बँक हेच कारण लेखी देऊन कंत्राट थांबवते, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी असते.

दोष सॉफ्टवेअरच्या आतच असतो तेव्हा आपण बाहेरून पाहणारे राहत नाही. आपला वापर हाच त्या दोषाचा कच्चा माल होतो. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये गाजले, ते बहुतेकांना अमेरिकी निवडणुकीमुळे आठवते. पण त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. फेसबुकवरील व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक अ‍ॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले. त्या काळच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला ते घेणाऱ्याच्या मित्रांचीही माहिती ओढता येत असे. परिणामी ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच नंतर सांगितले. म्हणजे होकार दिला एकाने आणि झळ बसली त्याच्या शेकडो परिचितांना, ज्यांनी ते अ‍ॅप कधी पाहिलेही नव्हते. आमच्या फाटकावर नेमके हेच घडत होते. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाने अटी मान्य केल्या होत्या, सोसायटीने करार केला होता, आणि फोटो निघत होता तो या दोन्हींशी संबंध नसलेल्या मुलाचा. अशा काही अ‍ॅपमध्ये घरकाम करणाऱ्या बाईंच्या येण्याजाण्याची मिनिटामिनिटाची नोंद राहते आणि रहिवासी त्यांना तारेही देऊ शकतात. घरमालकांना तारे देण्याची सोय बाईंना मात्र कोणी दिलेली नसते.

"फुकट मिळते, मग काय अडचण" या म्हणण्याकडे आता वळू. कंपनीला आपण केवळ पैसाच देतो असे नाही. आपली माहिती देतो, आपली सवय देतो, आपल्यामुळे त्या जाळ्यात ओढली गेलेली माणसे देतो आणि आपल्या फायली तिच्या साच्यात ओतून ठेवतो. यातली शेवटची गोष्ट कशी अंगाशी येते, ते पाहायचे असेल तर महालातल्या एखाद्या छापखान्यात तासभर बसावे. सोसायटीचा वार्षिक अहवाल मी जिथे छापून घेतो, तेथे पानांची मांडणी अजून अशा सॉफ्टवेअरवर चालते, ज्याचा विकास त्याच्या कंपनीने वीस वर्षांपूर्वीच थांबवला आहे. संगणकावरची प्रत अर्थातच चोरीची. मालकांना विचारले तर ते अभिमानाने सांगतात, "या कंपन्या लुटून राहिल्या आहेत भाऊ, म्हणून मी यांना एक रुपया देत नाही." हा त्यांच्या दृष्टीने बहिष्कार आहे. मी एकदा त्यांच्याकडून जुन्या अहवालाची फाइल घरी आणली आणि माझ्या संगणकावर उघडली, तर "सर्वसाधारण सभा" या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा ढीग दिसला. जुन्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर मराठी दिसत असले तरी आत साठवलेले असते ते इंग्रजी कळफलकावरचे चिन्ह. तो फॉन्ट नसला की मजकूर वाचता येत नाही, शोधता येत नाही आणि दुसरीकडे नेताही येत नाही. पंधरा वर्षांचे अहवाल, हजारो लग्नपत्रिका आणि कितीतरी संस्थांच्या स्मरणिका अशा अडकून पडल्या आहेत. एक रुपया न देता हा माणूस त्या साच्याशी पैसे देणाऱ्याहून घट्ट बांधला गेला आहे, आणि त्याच्याकडे शिकायला येणारा प्रत्येक मुलगाही तेच शिकून बाहेर पडतो. चोरीची प्रत वापरणाराही बाजार वाढवतो, ही गोष्ट सॉफ्टवेअर कंपन्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षर मराठीच राहते अशा पद्धतीने, टंकलेखन आणि फुकट मिळणारे लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर यांनी त्या मालकांचा अहवालापुरता प्रश्न सुटला असता. पण शिकण्याचे आठ दिवस लग्नसराईत कोण काढणार, हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

लिब्रेऑफिसचा जन्म याच विषयाशी जोडलेला आहे. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टम्स ही कंपनी विकत घेतली, आणि सनकडे असलेल्या ओपनऑफिसचे आता काय होणार अशी धास्ती त्यावर काम करणाऱ्यांना वाटू लागली. त्यांनी त्याच वर्षी तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस या नावाने वेगळे घर मांडले, कारण कोडचा परवाना तशी मुभा देत होता. वापरणाऱ्यांच्या फायली दोन्हीकडे उघडत होत्या. मालक पटला नाही म्हणून सॉफ्टवेअर सोडावे न लागता मालकच सोडता आला, असे प्रसंग विरळा.

सोडण्याची किंमत हा भाग नीतीच्या चर्चेत लोक विसरतात. यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची तुलना त्यासाठी उत्तम. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन अ‍ॅपवरून होतात. फोनपेची बहुतांश मालकी वॉलमार्टकडे आहे. एकाच अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत असा नियम राष्ट्रीय देयक महामंडळाने करून ठेवला आहे, पण त्याची मुदत वाढत वाढत २०२६ अखेरवर गेली आहे. तरीही उद्या यातल्या एखाद्या कंपनीची वागणूक मला पटेनाशी झाली, तर मी दहा मिनिटांत भीम अ‍ॅपवर जाऊ शकतो, आणि गोकुळपेठ बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण खालची यंत्रणा सर्वांची एकच आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे तसे नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचे नवे गोपनीयता धोरण आले तेव्हा लोक धडाधड सिग्नल या दुसऱ्या संदेश-अ‍ॅपवर गेले. आमच्या घरातले चौघेही गेलो. सिग्नलमागच्या संस्थेला पैसा पुरवणारे ब्रायन अ‍ॅक्टन हे व्हॉट्सअ‍ॅपचेच एक संस्थापक, त्यामुळे पर्यायात दम होता. पण शाळेचा गट, नात्यातला गट, पाणी कधी येणार ते सांगणारा गट जुन्याच ठिकाणी राहिला, आणि महिन्याभरात आम्हीही परतलो. भारतीय स्पर्धा आयोगाने त्या धोरणाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. आम्ही परतलो ते धोरण पटले म्हणून नव्हे. त्यामुळे "व्हॉट्सअ‍ॅप वापरता ना, मग नीतीच्या गप्पा कशाला" हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो. जेथून बाहेर पडायचे तर सगळा गोतावळा सोबत न्यावा लागतो, तेथे राहण्याचा दोष माणसावर थोडा आणि दार बंद ठेवणाऱ्यावर जास्त येतो. युरोपीय संघाने कायदा करून अशा मोठ्या संदेश-सेवांना इतर अ‍ॅपशी जोडून घेणे भाग पाडले आहे, ते याच कारणाने.

सभेत स्वदेशीचा मुद्दा निघाला नसता तरच नवल. विदेशी कंपन्यांपेक्षा आपली कंपनी बरी, असे एका काकांनी बजावले. दोन वेगळ्या चिंता येथे एकमेकींत मिसळतात. परावलंबनाची चिंता खरी आहे: जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यावर गुजरातमध्ये वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा बंद पडल्या, कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. हा मात्र कळ कोणाच्या हातात आहे याचा प्रश्न झाला. कंपनी नीतीने वागते का, हा वेगळा. पाटी पाहून नीती ठरत नाही, हे तर नागपूरकरांना गिरणीवरूनच कळावे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे जी कापडगिरणी सुरू केली, तिचे नाव व्हिक्टोरिया राणीच्या नव्या पदवीवरून एम्प्रेस ठेवले होते, आणि भांडवल मात्र देशी होते. शिवाय स्वदेशीच्या चळवळीने विदेशी माल नुसता जाळला नाही. त्यासोबत चरखा दिला, आणि येथून दोन तासांवर वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योगाची आख्खी प्रयोगशाळा चालवली. पर्याय घडवण्याचे कष्ट घेतले, म्हणून त्या बहिष्काराला वजन आले. आणि आमच्या फाटकावरचे अ‍ॅप, काका, शंभर टक्के भारतीय कंपनीचेच होते.

या सगळ्यातून माझ्यापुरते एक सूत्र हाती लागले. स्वतःसाठी सॉफ्टवेअर निवडणाऱ्याने कंपनीच्या चारित्र्याचा किती विचार करावा, हे त्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्यांच्या वतीने निवडणाऱ्याला ही मुभा नाही. शाळेची फी कोणत्या अ‍ॅपवर भरायची हे मुख्याध्यापक ठरवतात, हजेरी कशावर लागणार हे कार्यालय ठरवते, फाटकावर काय चालणार हे कार्यकारिणी ठरवते. ज्यांची माहिती जाते त्यांना नकाराचा अधिकार उरत नाही, म्हणून तो अधिकार निवडणाऱ्यानेच त्यांच्या वतीने वापरायचा असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदाही याच दिशेने जातो. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्याला तो जबाबदार धरतो, प्रत्यक्ष काम बाहेरच्या कंपनीला दिले असले तरीही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. "आम्ही फक्त अ‍ॅप लावले, बाकी कंपनीला विचारा" हे उत्तर यापुढे नीतीतही चालणार नाही आणि कायद्यातही.

म्हणून पुढच्या बैठकीआधी आम्ही कंपनीला ईमेलने साधे प्रश्न विचारले. पाहुण्यांचे फोटो किती दिवस ठेवता, ते कोणाला दिसतात, माहिती जाहिरातींसाठी वापरता का, आणि आम्ही सेवा बंद केली तर आमच्या नोंदी पुसून टाकल्याचे लेखी द्याल का. पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरे आली. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी त्यांनी अटींच्या पानाचा दुवा पाठवला, आणि ताईंनी ते पान छापून बैठकीत आणले; लाल पेनाने अधोरेखित केलेले एक वाक्य त्यांनी तीनदा वाचून दाखवले आणि तिन्ही वेळा कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. वर्षाऐवजी सहा महिन्यांचाच करार करायचा, रहिवाशांनी आपल्या पाहुण्यांना होकार देण्यापुरते अ‍ॅप ठेवायचे, घरकाम करणाऱ्यांचे तारे बंद करायचे आणि सामान आणणाऱ्यांचा फोटो काढायचा नाही, असे अखेर ठरले. नऊ विरुद्ध पाच मतांनी.

आता फाटकावर पुन्हा लांबट वही आली आहे, सुतळीने बांधलेल्या पेनासह. सामान आणणारा मुलगा छपराखाली उभा राहून फ्लॅटचा क्रमांक आणि वेळ स्वतःच लिहितो, आणि नाव बहुधा वाचता येणार नाही अशा अक्षरात लिहितो. भरलेल्या वह्या सचिवांच्या कपाटात जातात. त्या किती महिन्यांनी फाडून टाकायच्या, याचा ठराव आम्हीही अजून केलेला नाही.